पेटीतली एक मराठी चिठ्ठी

गुरुवारी सकाळी दहाला मंडळीच्या कमिटीनं प्रेमलाला हॉलवर बोलावलं तेव्हा तिला वाटलं, ईस्टरच्या कार्यक्रमाचं काहीतरी असेल. पोरांचं नाटुकलं, नाहीतर फुलांची सजावट. म्हणून ती संडे स्कूलची वही बरोबर घेऊनच गेली. हॉलमध्ये तीन खुर्च्या एका ओळीत मांडल्या होत्या आणि चौथी समोर, जरा लांब. त्या चौथीवर तिला बसवलं. मग सेक्रेटरी केवलराम यांनी घसा साफ केला आणि म्हटलं, "वहिनी, तुमची चिठ्ठी वाचली आमी."

चिठ्ठी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. भिलाईत स्टील प्लांट उभा राहिला तेव्हा नागपूर, वर्धा, अचलपूरकडून फिटर, क्लार्क, ड्रायव्हर म्हणून माणसं आली. त्यांत थोडी ख्रिस्ती घरं होती. त्यांनी पैसा-पैसा जोडून वैशाली नगरच्या मागच्या अंगाला हा हॉल बांधला आणि आपली मराठी मंडळी, म्हणजे चर्च, चालू केली. या मंडळीची एक रीत आहे, दुसरीकडे कुठं नसेल. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी दुपारी तयारीची सभा भरते. ज्याच्या मनात जे सलत असेल ते त्यानं एका चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालायची आणि लाकडी पेटीत टाकायची. नाव लिहायचं नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीनची उपासना संपली की अंगणातल्या शेगडीत निखारे फुलवायचे आणि सगळ्या चिठ्ठ्या जाळायच्या. ती शेगडी पहिल्या पिढीतल्या फिटर लोकांनी जाड पत्रा वेल्ड करून बनवली. तो पत्रा प्लांटच्या गेटातून बाहेर कसा आला, हे त्यांच्यातल्या कुणी चिठ्ठीत लिहिलं असेल तर तेही केव्हाच जळून गेलं. चिठ्ठी वाचायची कुणी नाही. पाळकानंसुद्धा नाही. एवढ्या एका भरवशावर ती पेटी चाळीसेक वर्षं भरत आली होती.

प्रेमलाची चूक एवढीच की तिनं चिठ्ठी मराठीत लिहिली. आता या मंडळीत मराठी उरली आहे ती नावात आणि महिन्याच्या पहिल्या रविवारच्या दोन गीतांत. नातवंडं हिंदीत प्रार्थना करतात, पोरं हिंदीत भांडतात, आणि चिठ्ठ्याही सगळे हिंदीतच लिहितात. मराठी लिहिणारी चार डोकी राहिली. त्यातल्या सिंधुताईंना मोतीबिंदूनं अक्षर दिसत नाही, त्या वेड्यावाकड्या दोन ओळी अंदाजानं ओढतात. एकांचा हात कापतो. तिसरे स्वतः केवलराम. चौथी प्रेमला, आणि तिचं गोल, ठळक अक्षर सव्वीस वर्षं दर रविवारी हॉलच्या फळ्यावर सगळ्यांनी पाहिलेलं. नाव न लिहून उपयोग काय होता?

"पेटी कोणी उघडली?" प्रेमलानं विचारलं.

"हॉलमंधी उंदरं झाले म्हणून मी घरी नेऊन ठेवली होती," केवलराम म्हणाले. "झाकण ढिलं होतं."

"अन् घडी? तेबी ढिली होती?"

केवलराम म्हणजे प्लांटमधून फोरमन म्हणून रिटायर झालेला माणूस. बत्तीस वर्षं दुसऱ्यांना जाब विचारायची सवय, द्यायची नाही. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचायला लागले. तिची चिठ्ठी, तिच्याच समोर, नलूताई आणि पाळकसाहेबांच्या देखत.

चिठ्ठीत चारच ओळी होत्या. 'फेब्रुवारीत एका दुपारी मी दुर्ग स्टेशनवर गेले, नागपूरचं तिकीट काढलं आणि गाडीत बसले. घरी आजारी नवरा होता. परत यायचं की नाही हे मी ठरवलं नव्हतं. गाडी सुटायच्या आत उतरले.'

"आता यात लपवण्यासारखं काय राहिलं, सांगा," केवलराम म्हणाले. "अरुणकुमार चार वर्षांपासून लकव्यानं पडून आहे. त्याले टाकून तुमी गाडीत बसल्या. मनानं त सोडलंच न त्याले. अन् मनात केलं ते केलंच असते, शास्त्र हेच सांगते."

"अन् तिकीट नागपूरचं," नलूताई म्हणाल्या. नलूताई महिला मंडळाच्या अध्यक्ष. "प्लॅटफॉर्मचं असतं तर गोष्ट वेगळी होती, बाप्पा."

मग त्या दोघांची चर्चा सुरू झाली. पाप नेमकं कुठं झालं? नलूताईंचं म्हणणं, तिकिटाच्या खिडकीवर. केवलराम यांचं म्हणणं, नाही, खिडकीपासून माणूस परत फिरू शकतो, पाय डब्यात ठेवला तिथं झालं. दोन शहाणी माणसं एका बाईच्या जिवाचा तुकडा समोर ठेवून असं बोलत होती, जणू घरातला पाइप कुठं फुटला ते शोधताहेत. प्रेमला समोर बसलेली होती, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

"आंटी," पाळक पराग शेवटी बोलले. तिशीचे, राजनांदगावात वाढलेले, येऊन दोन वर्षं झालेली. ते प्रेमलाकडे न बघता मोबाइलच्या कव्हरची कड नखानं उकरत होते. "डिसिप्लिन की बात है. उद्या चिठ्ठ्या जाळायच्या आधी तुम्ही फक्त उभ्या राहून बोला की पाप झालं, माफी असावी. बस. रविवारी प्रभुभोजनाला, कम्युनियनला बसा, संडे स्कूल पण चालू ठेवा. सब नॉर्मल."

"अन् नाही बोलली तर?"

"तर भोजन नाही," केवलराम म्हणाले. "संडे स्कूल नलूताईची सून पाहीन. अन् अरुणकुमारले तुमी सांगा. नाही सांगितलं तर मले सांगा लागन. ज्याचा गुन्हा केला त्याले माहीत पायजे."

प्रेमला उठली. वही खुर्चीवरच राहिली, ती घ्यायला परत फिरली, आणि तेवढ्यात केवलराम यांनी तिची चिठ्ठी व्यवस्थित घडी घालून पुन्हा खिशात ठेवली. उद्या पेटीत टाकू, असं म्हणाले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडातून शब्द निघाला नाही, आणि या गोष्टीचा राग तिला वाटभर येत राहिला.

एप्रिलचं ऊन डोक्यावर होतं. रिक्षा न करता ती पायीच निघाली. सव्वीस वर्षं तिनं या मंडळीची पोरं शिकवली. त्यातली अर्धी आता हैदराबादला, पुण्याला आहेत, एक कॅनडात आहे. दरवर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात ती त्यांना रानातल्या चाळीस दिवसांची गोष्ट सांगायची. प्रभू उपाशी होता, सैतान आला, म्हणाला, या दगडांच्या भाकरी कर. गेल्याच वर्षी उत्कर्षा नावाच्या सात वर्षांच्या पोरीनं विचारलं होतं, टीचर, उन्हें भूख लगी थी ना, तो रोटी का मन हुआ होगा? बाकीची पोरं हसली होती. प्रेमला हसली नव्हती. ती म्हणाली होती, हो बेटा, मन झालं. झालंच असेल. नाहीतर परीक्षा कसली? मन झालं, पण केल्या नाहीत. सात वर्षांच्या पोरीला जे समजलं ते कमिटीला समजत नव्हतं. की समजत होतं, आणि तरीही समजून घ्यायचं नव्हतं?

आणि फेब्रुवारीतली ती दुपार खोटी नव्हती. चार वर्षं दर दोन घंट्यांनी अरुणकुमारांची कूस बदलायची, पाठीला व्रण पडू नये म्हणून पावडर लावायची, चादर काढायची, धुवायची, वाळत घालायची. नागपूरहून मोठी बहीण मथुरा फोन करायची, ये गं चार दिवस, नुसती बसून राहा माझ्याजवळ. त्या दिवशी दुपारी सिंधुताईंना नवऱ्याजवळ बसवून, भाजीला जाते म्हणून ती निघाली आणि दुर्गला पोचली. खिडकीची जागा मिळाली. नऊ मिनिटं बसली. त्या नऊ मिनिटांत कुणी तिला हाक मारली नाही, कुणाचं काही सांडलं नाही, आणि तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते बरं वाटणं तिला टोचत होतं, म्हणूनच तिनं ते लिहिलं. देवाला सांगावं म्हणून लिहिलं. केवलरामला सांगायचं असतं तर ती फोरमनच्या ऑफिसात गेली असती.

घरी आली तेव्हा सिंधुताई पलंगाजवळच्या स्टुलावर बसून लसूण सोलत होत्या. शेजारचं घर त्यांचं. दिसत नसलं तरी लसूण बोटांनी सोलता येतो. त्या गेल्यावर प्रेमलानं दार लावलं, अरुणकुमारांची कूस बदलली, उशी नीट केली आणि म्हटलं, "तुमाले एक सांगायचं आहे. दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा मीच सांगते."

तिनं सगळं सांगितलं. दुर्ग, तिकीट, खिडकी, नऊ मिनिटं, चिठ्ठी, कमिटी. अरुणकुमारांची उजवी बाजू गेलेली, शब्द सावकाश आणि अर्धवट यायचे. ते ऐकत होते आणि भिंतीकडे बघत होते. त्यांना लागलं होतं. लागणारच. ती समोर बसून राहिली.

"कोणती गाडी?" त्यांनी विचारलं. एकतीस वर्षं प्लांटच्या आतल्या इंजिनांवर काढलेली. पहिला प्रश्न तोच सुचला.

"दोनची. नागपूरकडची."

"सीट... भेटली?"

"खिडकीची."

"मंग उतरली कावून?"

"दोन वाजून राहिले होते. तुमाले पलटवायचं होतं."

अरुणकुमारांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानाकडे गेलं. पुसायला हात उचलत होते, तोवर तिनंच पदरानं पुसलं.

"मले वाटे," ते म्हणाले, "रोज वाटे. आज तू जाशीन. आज जाशीन." मग थांबून, एकेक शब्द जुळवून म्हणाले, "मी तुह्या जागेवर असतो न... गेलो असतो."

"काही नसते गेले तुमी," ती चिडून म्हणाली. "फालतू बोलू नका."

"गेलो असतो," ते पुन्हा म्हणाले. मग एकदम त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "केवलरामनं... पेटी उघडली?"

"हो."

त्यावर अरुणकुमारांनी एक शब्द उच्चारला. लकवा मारल्यापासून एवढा स्वच्छ, सबंध शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला असेल. ख्रिस्ती घराची गोष्ट, तो इथं लिहिता येत नाही. प्रेमलाला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला ठसका लागला.

"उद्या काय करशीन?" त्यांनी विचारलं.

सोपा रस्ता समोरच होता. उभं राहायचं, हात जोडायचे, पाप झालं म्हणायचं. एका मिनिटाचं काम. रविवारी भाकर हातावर मिळाली असती, प्याला मिळाला असता, पोरं मिळाली असती. सगळे म्हणाले असते, बघा, प्रेमलाताई किती नम्र. आणि देवासमोर, तेही उत्तम शुक्रवारी, तिनं खोटं बोललेलं असतं. ही तर दुर्गच्या गाडीपेक्षा मोठी परीक्षा होती. ती गाडी निदान गाडीसारखी दिसत होती. ही भक्तीचे कपडे घालून आली होती.

"जे झालं तेच सांगीन," ती म्हणाली. "त्याईनं भोजनातून काढलं त काढू द्या. पण न केलेलं पाप मी कबूल करनार नाही."

"सिंधुताईले... माह्याजवळ नको बसवू," अरुणकुमार म्हणाले. "तिले तिथं ने."

म्हणून शुक्रवारी त्यांच्याजवळ बसायला प्रेमलानं समोरच्या घरातली नर्सिंगची पोरगी बोलावली आणि सिंधुताईंना हाताला धरून हॉलवर नेलं.

बारा ते तीनची उपासना झाली. गीतं झाली, प्रभूच्या क्रुसावरच्या सात वचनांवर सात जण बोलले, त्यातला एक पंचवीस मिनिटं बोलला. तीन वाजता सगळे अंगणात आले. साठ-सत्तर माणसं, पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, कडुनिंबाखाली सावली कमी आणि माणसं जास्त. शेगडीत निखारे लाल होते. केवलराम पेटी घेऊन उभे राहिले. ते म्हणाले, "पेटी खाली करायच्या पहिले एक बहीण साक्ष देणार आहे." सगळ्यांच्या माना वळल्या. काय साक्ष आहे ते निम्म्यांना आधीच माहीत होतं, हे त्यांच्या तोंडांवरून तिला कळलं. म्हणजे कमिटीच्या बाहेरही गेलं होतं.

प्रेमला शेगडीजवळ गेली. तिचा आवाज सुरुवातीला फुटला, मग नीट झाला.

"फेब्रुवारीत मी दुर्गले गेली, नागपूरच्या गाडीत बसली. घरी माह्या माणसाले सोडून. नऊ मिनिटं बसली अन् उतरली. वाटलं होतं जावं. लय वाटलं. तेच मी चिठ्ठीत लिहिलं. काल मी माह्या माणसाले सांगितलं. आता तुमी सगळे ऐका, मंग कोणाले कोणाच्या कानात सांगा लागनार नाही."

ती सिंधुताईंकडे वळली.

"त्यात एक पाप मी केलं. सिंधुताईले म्हटलं, भाजीले जाते. ते खोटं होतं. सिंधुताई, माफ करा."

"पण भाजी त आनली होती तू," सिंधुताई म्हणाल्या. "वांगे होते."

"येताना घेतले."

"बरं. माफ केलं," सिंधुताई म्हणाल्या. कुठंतरी एक हसू उमटलं आणि लगेच दबलं.

"पण जावंसं वाटलं, हे पाप आहे म्हणून कबूल करा, असं मले सांगितलं आहे. ते मी करनार नाही. प्रभूले रानात भूक लागली होती. भाकरीची इच्छा झाली नसती त त्याची परीक्षा झाली असं आपण म्हटलंच नसतं. इच्छा झाली अन् त्यानं हात मागं घेतला. मीबी घेतला. ज्याच्या मनात कधी काही आलंच नाही असा इथं कोणी असन, त त्यानं मले रविवारी भोजनापासून अडवावं."

केवलराम पुढे सरकले. "वहिनी, साक्ष द्यायची म्हटलं होतं, उपदेश नाही."

प्रेमला त्यांच्याकडे वळली. कालपासून न बोललेलं सगळं आता वर येत होतं आणि तिनं ते अडवलं नाही. "मंग तुमी द्या साक्ष, केवलरामभाऊ. शनिवारपासून पेटी तुमच्या घरी होती. बंद पेटी घरात असली तर वाटते माणसाले, पाहावं का. मलेबी वाटलं असतं. तिथपर्यंत तुमी अन् मी एकच. मंग तुमी झाकण उघडलं. घडी उकलली. वाचलं. खिशात घातलं. दोघाले दाखवलं, अन् त्या दोघानं आणखी किती जणाले दाखवलं, देवाले ठाऊक. मी डब्यातून उतरली, भाऊ. तुमी नाही उतरले."

"मंडळीच्या भल्यासाठी पाहिलं मी," केवलराम म्हणाले.

"किती पाहिल्या?"

"एकच."

"सत्तर चिठ्ठ्यांतून पहिलीच माही निघाली?"

केवलराम यांनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. अंगणातल्या प्रत्येकाला एकाच वेळी तीच गोष्ट समजली. प्रत्येकानं चिठ्ठी लिहिली होती. सासूबद्दल, दारूबद्दल, भावाच्या जमिनीबद्दल, शेजारच्या बाईबद्दल. हिंदीत लिहिली म्हणून काय झालं, केवलराम यांना हिंदी येत नव्हती थोडीच.

"माही चिठ्ठी वापस दे," सिंधुताई म्हणाल्या आणि चाचपडत पुढे आल्या.

"तुमाले दिसत नाही, सिंधुताई, कशी सापडन?" केवलराम म्हणाले.

"मी चार घड्या घालून कोपरा आत मोडते. बोटाले कळते. आण इकडं पेटी."

केवलराम यांनी पेटी छातीशी धरली होती. पण एका म्हातारीशी झटापट कोण करणार? सिंधुताईंनी आत हात घातला, थोडा वेळ चिवडलं, एक चिठ्ठी काढली, कोपऱ्याला बोट लावलं आणि ती पोलक्यात खोचली. त्यांच्यामागे प्लांटच्या हॉस्पिटलातून रिटायर झालेली एक नर्स आली. मग एक नवरा-बायको आले, दोघंही आपापली चिठ्ठी मुठीत दाबून एकमेकांकडे न बघता बाजूला झाले. मग रांगच लागली. नलूताई रांगेत बऱ्याच पुढे होत्या. दुसऱ्याची चिठ्ठी ऐकताना आपलीही त्याच पेटीत आहे, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आता आपली चिठ्ठी ओळखायला त्यांना तीन उघडून बघाव्या लागल्या असत्या. त्या उघडताहेत का हे सगळे बघत होते. शेवटी त्यांनी रंगावरून ओळखली, गुलाबी कागद होता. पाळक पराग सगळ्यांच्या मागे आले. कान लाल झालेले. आपली चिठ्ठी घेतली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आंटी, सॉरी. मी काल बोलायला पाहिजे होतं."

"हो, बोलायला पाहिजे होतं," प्रेमला म्हणाली. तिनं त्यांना सोडलं नाही. माफ करायला वेळ आहे, पण हे पोरानं आधी ऐकून घ्यावं असं तिला वाटलं.

निखारे तसेच राहिले, त्यावर एकही कागद पडला नाही. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. प्रेमलानं केवलराम यांच्यासमोर हात केला. त्यांनी खिशातून तिची चिठ्ठी काढून दिली. ती तिनं तिथंच फाडली. आता सगळ्यांनी ऐकलं होतं, जाळण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

पेटीत एक चिठ्ठी राहिली होती. सगळ्यांनी आपापली नेली होती. राहिली ती कोणाची, हे सांगायची गरज नव्हती. केवलराम यांनी पेटीत बघितलं, मग तिच्याकडे. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. फोरमनचा रुबाब कुठं गेला कुणास ठाऊक. उन्हात उभा राहिलेला एक म्हातारा माणूस होता तो. त्यांनी ती चिठ्ठी काढली आणि तिच्यासमोर धरली.

"घ्या," ते म्हणाले. "वाचा. सगळ्याईसमोर वाचा. फिट्टंफाट होईन."

प्रेमलानं चिठ्ठी घेतली. घडी एकदाच घातलेली, अंगठा आत घातला की उघडली असती. तिचा अंगठा तिथंच होता. या माणसानं तिला चौथ्या खुर्चीवर बसवलं होतं. तिच्या चार ओळी तिच्यासमोर वाचल्या होत्या. तिच्या घरातलं गावभर केलं होतं. आता याच्या घरातलं तिच्या बोटांत होतं, आणि साठ-सत्तर माणसं थांबून बघत होती, आणि एकही जण वाचू नको म्हणत नव्हता. तिला वाचायचं होतं. पोटातून वाचायचं होतं. बारा वर्षं सेक्रेटरी म्हणून दुसऱ्यांच्या वागण्याला नियम लावणारा हा माणूस स्वतःबद्दल काय लिहितो? त्याच्या तोंडावर त्याच्याच चिठ्ठीतला एक शब्द फेकला तर काय होईल, हे तिनं एका क्षणात पाहूनही घेतलं, आणि ते तिला गोड लागलं.

मग तिनं वाकून ती चिठ्ठी घडीसकट निखाऱ्यांवर ठेवली. कागदानं कडेनं पेट घेतला आणि जळून गेला.

"मले वाचायची लय इच्छा झाली होती, भाऊ," ती म्हणाली. "आत्ता, इथं, तुमच्यासमोर. रविवारी मले भोजनाले बसू द्यायचं का नाही, ते आता सांगा."